चौकटीबाहेर राहिलेली मुलगी : चित्र-आत्मकथन संशोधनासाठी कसं वाचायचं?

पेटची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "कॉमिक्सवर पीएचडी होते का हो?" होते. जगभर होते आहे, आपल्याकडेही होऊ शकते. अवघड प्रश्न पुढचा आहे: "म्हणजे नेमकं करायचं काय?" कारण अशा विषयावरचे पहिले आराखडे बहुतेक वेळा गोष्टीचा सारांश सांगतात आणि शेवटी 'युद्ध वाईट असते' इथे येऊन थांबतात. ते खरंच आहे, पण त्यासाठी तीन-चार वर्षं आणि एक गाईड कशाला खर्ची घालायचा?

माझाही पहिला आराखडा असाच होता. त्यात एक वाक्य मी फार अभिमानाने लिहिलं होतं, "पिंगुळीची चित्रकथी हीच आपली मूळ ग्राफिक कादंबरी होय." गाईडने त्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले, "कशावरून?" दोन-तीन आठवडे मी रागात होते. नंतर कळलं की माझं खरं काम त्या दोन शब्दांपासून सुरू होतंय. आज त्याच वाटेने तुम्हाला घेऊन जाते. सुरुवात इराणपासून करू आणि शेवटी बांद्याला येऊ.

आधी पुस्तकाची ओळख

मार्जान सात्रापी १९६९ मध्ये इराणमध्ये जन्मली आणि तेहरानमध्ये वाढली. ती नऊ-दहा वर्षांची असताना, १९७९ मध्ये, तिथे क्रांती झाली. शहाची राजवट गेली आणि इस्लामी प्रजासत्ताक आलं. सप्टेंबर १९८० मध्ये इराकशी युद्ध पेटलं, ते १९८८ पर्यंत चाललं. १९८४ मध्ये आईवडिलांनी तिला एकटीला व्हिएन्नाला शिकायला पाठवलं. काही वर्षांनी ती परत आली आणि १९९४ मध्ये फ्रान्सला गेली ती कायमची. तिथे तिने फ्रेंच भाषेत 'पर्सेपोलिस' हे चित्र-आत्मकथन केलं. त्याचे चार भाग २००० ते २००३ या काळात निघाले. २००७ मध्ये तिने व्हिन्सेंट पॅरोनो यांच्यासोबत त्यावर ॲनिमेशनपटही केला आणि त्याला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

'ग्राफिक मेमॉयर'ला मी इथे 'चित्र-आत्मकथन' म्हणते आहे. आत्मकथन हा शब्द आपल्या सरावाचा आहे. दलित आत्मकथनांमुळे त्याला मराठीत वजन आहे, आणि 'एकाची गोष्ट, पण एकट्याची नव्हे' हा अर्थही त्यात आपोआप येतो.

सगळं पुस्तक काळ्या-पांढऱ्या रंगात आहे, करडी छटासुद्धा नाही. अगदी सुरुवातीलाच, १९८० सालची, डोक्यावर नुकताच सक्तीचा रुमाल आलेली दहा वर्षांची मार्जी आपल्यासमोर बसलेली दिसते. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो आहे. त्यात तिच्या मैत्रिणी दिसतात, पण ती स्वतः डाव्या कडेला कापली गेली आहे. तिचा जेमतेम एक तुकडा चौकटीत येतो, आणि आपण फोटोत नाही हे तीच आपल्याला सांगते.

ही चौकट लक्षात ठेवा. पहिल्या वाचनात ती गंमत वाटते. पण स्वतःचं आयुष्य सांगायला निघालेली बाई सुरुवातीलाच स्वतःला फोटोतून कापते, ते कशासाठी? इथून संशोधनाचा प्रश्न सुरू होतो.

एका पानावर दोन 'मी'

फिलिप लेजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये 'आत्मचरित्राचा करार' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर, मुखपृष्ठावर नाव असलेली व्यक्ती, गोष्ट सांगणारी व्यक्ती आणि गोष्टीतली मुख्य व्यक्ती या तिघी एकच आहेत, असं लेखक वाचकाला वचन देतो. त्या भरवशावर आपण ते पुस्तक आत्मचरित्र म्हणून वाचतो.

शब्दांतल्या आत्मचरित्रात हा करार सहज निभावतो, कारण 'मी' हा एकच शब्द लहानपणीच्या मीसाठीही वापरता येतो आणि आजच्या मीसाठीही. चित्रात मात्र तसं चालत नाही. दहा वर्षांची मुलगी काढायची तर दहा वर्षांचीच काढावी लागते, आणि वरच्या पट्टीतला मजकूर लिहिणारी बाई तिशीची असते. दोघी एकाच चौकटीत असतात, पण त्यांना माहीत असलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. मुलगी देवाशी गप्पा मारते आणि तिला तो मार्क्ससारखा दिसतो. मोठी बाई त्यावर काही बोलत नाही, नुसतं काढून दाखवते.

चित्र-आत्मकथनाचा अभ्यास म्हणजे बहुतांशी या दोघींमधल्या अंतराचा अभ्यास. चित्रातल्या मुलीला काय कळतंय, मजकुरातल्या बाईला काय कळतंय, आणि दोघींनाही न कळलेलं वाचकाला कुठे कळतंय? तुमच्या आराखड्यात हे तीन प्रश्न आले, तर सारांश लिहिण्याचा मोह निम्म्याने कमी होईल.

तीन पानं, तीन युक्त्या

पहिलं पान ऐकलेल्या गोष्टीचं आहे. तुरुंगातून सुटलेले घरचे ओळखीचे लोक छळाच्या हकिकती सांगतात. एका माणसाचे तुकडे केले गेले, हे मार्जी ऐकते. चित्रात ते तुकडे अगदी स्वच्छ आणि नीटनेटके आहेत. दुकानातल्या पोकळ पुतळ्याचे सांधे सुटे करावेत तसे. रक्त नाही, मांस नाही. चित्रकाराला भयानक काढता येत नाही असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलीच्या डोक्यात 'तुकडे करणे' या शब्दांचं जे चित्र तयार होऊ शकतं, तेवढंच तिने काढलंय. म्हणजे हे चित्र छळाचा पुरावा नाही. छळाची बातमी एका मुलीपर्यंत कशी पोचली, याचा तो पुरावा आहे.

दुसरं पान दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवण्याचं. युद्धात गरीब घरच्या मुलांना शाळेत सोनेरी रंगाच्या प्लास्टिकच्या किल्ल्या दिल्या जात. युद्धात मेलास तर स्वर्गाचं दार याने उघडेल, असं सांगून. एका पानावर वरच्या मोठ्या चौकटीत अशा मुलांच्या काळ्या आकृत्या सुरुंगाच्या स्फोटात हवेत फेकल्या गेल्या आहेत, गळ्यात किल्ल्या आहेत. खालच्या चौकटीत मार्जी मैत्रिणींसोबत आयुष्यातल्या पहिल्या पार्टीत नाचते आहे. भोकं पाडलेला स्वेटर, गळ्यात साखळी. वरची मुलंही हवेत, खालची मुलंही हवेत. शरीरांची ठेवण जवळजवळ सारखी आहे. वर्गभेदावर एक वाक्यही न लिहिता पानाने तो समोर ठेवला. तुमच्या प्रबंधात 'लेखिका वर्गभेदावर भाष्य करते' असं लिहाल, तेव्हा ते भाष्य पानाच्या मांडणीत नेमकं कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

तिसरं पान न काढण्याचं. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं. मार्जी आईसोबत त्या ढिगाऱ्यापाशी येते आणि तिला मैत्रिणीच्या हातातलं कडं दिसतं. ती तोंडावर हात ठेवते. मग डोळे झाकते. पुढची चौकट पूर्ण काळी आहे. पुस्तकभर सगळं काढून दाखवणाऱ्या चित्रकाराने तिथे काहीच काढलेलं नाही. आणि हे तर तिने स्वतः पाहिलेलं! ऐकीव छळाचं चित्र आहे, डोळ्यांनी पाहिलेल्या मृत्यूचं नाही. हा उलटा हिशेब ज्याला दिसला, त्याला प्रबंधाचं एक प्रकरण मिळालं असं समजा.

'हे खरं आहे का?'

व्हायव्हामध्ये हा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच तयारी करा. अबादान शहरातल्या रेक्स सिनेमागृहाला ऑगस्ट १९७८ मध्ये लागलेली आग ही इतिहासातली नोंदलेली घटना आहे. 'पर्सेपोलिस'मध्ये त्या आगीचं मोठं चित्र आहे. ज्वाळांमध्ये माणसांच्या आकृत्या आहेत, भुतांसारख्या. मार्जी तिथे नव्हती. मग ते चित्र खोटं का?

आपण दोन प्रकारचे दावे वेगळे केले की गोंधळ मिटतो. 'आग लागली' हा घटनेचा दावा आहे. तो वर्तमानपत्रं, सरकारी कागद, इतर साक्षी यांच्याशी ताडून पाहायचा. 'आमच्या घरात त्या आगीचं असं चित्र उभं राहिलं' हा आठवणीचा दावा आहे. तो कुठल्याही गॅझेटमध्ये सापडणार नाही, त्याच्यासाठी हे पुस्तकच मूळ साधन आहे. पहिल्या दाव्यासाठी पुस्तकावर विसंबणं चूक. दुसऱ्या दाव्यासाठी पुस्तक बाजूला सारणं हीसुद्धा चूकच.

शिवाय, गोष्ट कोणाला सांगितली जातेय तेही विचारा. हे पुस्तक पॅरिसमध्ये, फ्रेंचमध्ये, इराणबाहेरच्या वाचकासाठी झालं. घरच्या माणसाला जे सांगायची गरज नसते ते त्यात समजावून सांगितलेलं आहे. आपणही मुंबईच्या मित्राला मालवणची गोष्ट सांगतो ती वेगळी, आणि घरच्या पडवीत ज्या गजाली होतात त्या वेगळ्या.

पिंगुळी : सोपी तुलना आणि तिच्यातला खड्डा

आता माझ्या लाल रेघेकडे येते. मालवणहून सावंतवाडीला जाताना कुडाळ सोडलं की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कला जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. यासाठी आयुष्य घालवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे त्यांचं संग्रहालय आहे. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तिथे जावं.

चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. सुटे कागद, त्यांवर रामायण-महाभारतातले आणि पुराणातले प्रसंग. कथेकरी एकेक चित्र पुढे उभं करतो आणि वाद्यांच्या साथीने ते गाऊन-बोलून सांगतो. युद्धंही त्यात भरपूर. मग मी म्हटलं, चित्र आहे, क्रम आहे, कथा आहे, युद्ध आहे. झाली की ग्राफिक कादंबरी!

तर, कशावरून?

स्कॉट मॅक्लाउड याने १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक केलं. कॉमिक्सबद्दल, आणि तेही कॉमिक्समध्येच. दोन चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी असते, तिच्यात वाचक काय करतो यावर त्याचा भर आहे. इंग्रजीत त्या पट्टीला 'गटर' म्हणतात (आपल्या गटाराशी हिचा संबंध नाही, काळजी नसावी). एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, पुढच्या चौकटीत किंकाळी. घाव कोणीच काढलेला नाही, तो वाचकाने मनात घातला.

चित्रकथीत ही पट्टी रिकामी नसते. दोन चित्रांच्या मधली जागा कथेकऱ्याचा आवाज भरतो. त्याला वाटलं तर एकाच चित्रावर तो बराच वेळ थांबेल, समोरच्या लोकांकडे बघून कथा वाढवेल किंवा आवरती घेईल. वाचकाच्या हातात पान उलटण्याची जी सत्ता असते, ती इथे सांगणाऱ्याच्या हातात आहे. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे, तो स्वतःचं आयुष्य सांगत नाही. लेजूनचा करार इथे झालेलाच नाही. त्याचा करार वेगळा आहे: ही कथा माझी नाही, परंपरेने माझ्याकडे आली, मी ती नीट सांगेन.

म्हणजे माझं वाक्य दोन्हीकडून अन्यायाचं होतं. चित्रकथीला 'आपली ग्राफिक कादंबरी' म्हटल्याने तिचा मान वाढला असं मला वाटत होतं. खरं तर तिच्यातला आवाज, वाद्यं, समोरचे लोक, सगळं मी कापून टाकलं आणि फक्त कागद उरवला. 'आपल्याकडे हे आधीपासून होतंच' हे वाक्य आराखड्यात आलं की स्वतःच थांबून विचारा, नेमकं काय होतं आणि काय नव्हतं? साम्य शोधायला एक दुपार पुरते. फरक नीट मांडायला प्रबंध लागतो.

तुलनेचा फायदाही सांगते. पिंगुळी पाहिल्यावर 'पर्सेपोलिस'च्या वरच्या पट्टीतला मजकूर मला कथेकऱ्याच्या आवाजासारखा ऐकू यायला लागला. चित्राशेजारी उभं राहून, आता मोठी झालेली, सांगणारी. ते दोन 'मी' मला पिंगुळीमुळे दिसले.

काढणारा हात कोणाचा?

मध्ये एक पायरी आहे, ती चुकवू नका. 'भीमायन' हे २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढलेलं पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनावर बेतलेलं आहे. त्यात १९०१ चा प्रवास आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतः हाकावी लागते आणि वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. तिथे युद्ध नव्हतं. पण लहान मुलाला एका दिवसात जग कळतं, तो हाच प्रकार.

हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलं. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. सरळ चौकटींऐवजी त्यांच्या घरांच्या भिंतीवर असते तशी वळणदार नक्षी पानं विभागते. ज्यांचं बोलणं डसतं त्यांचे संवाद विंचवाच्या नांगीच्या फुग्यात आहेत, तर सोसणाऱ्यांचे आणि आपुलकीने बोलणाऱ्यांचे पक्ष्याच्या आकारात. आठवण एकाची आणि हात दुसऱ्याचा. हे चित्र-आत्मकथन म्हणायचं की चरित्र? मी त्याला आत्मकथन म्हणत नाही, कारण करार मोडतो. तुम्ही म्हणू शकता, पण कारण द्यावं लागेल.

आणि आता बांदा

क्रांती आणि युद्धाच्या काळात वाढलेली मुलं शोधायला तेहरानला जायची गरज नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी सत्याग्रही सीमा ओलांडून पोर्तुगीज हद्दीत गेले. बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला त्यांच्यावर गोळीबार झाला. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडले. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे. त्यानंतर सीमेवरची ये-जा आवळली गेली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी लष्करी कारवाईनंतर गोवा मुक्त झाला.

सत्याग्रहींच्या नोंदी आहेत, स्मारकं आहेत, भाषणं आहेत. पण त्या वेळी बांदा, सातार्डा, आरोंदा इथे जी मुलं दहा वर्षांची होती, त्यांनी काय पाहिलं? त्या दिवशी घरात कोण उतरलं होतं? मुलांना रस्त्यावर जाऊ दिलं का? तेरेखोल नदीपलीकडे दिलेल्या आत्येकडे जाणं कधी थांबलं, आणि घरच्यांनी त्याचं काय कारण सांगितलं? ती मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. ग्रंथालयातलं पुस्तक पुढच्या वर्षीही असेल. ही माणसं असतीलच असं नाही.

यावर कोणाला काम करायचं असेल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, जुने कागद शोधताना 'सिंधुदुर्ग' शोधू नका. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९५५ मध्ये हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात होता. चुकीच्या नावाखाली शोधून 'साधनं उपलब्ध नाहीत' असं लिहिणं फार सोपं असतं.

दोन, मुलाखतीत नुसतं विचारू नका, कागद-पेन्सिल पुढे ठेवा. "तुमचं तेव्हाचं घर आणि समोरचा रस्ता काढून दाखवाल?" रेघा वाकड्या येऊ देत. कुठली गोष्ट मोठी काढली, कुठली विसरली, काढता काढता हात कुठे थांबला, हे टिपून ठेवा. काळी चौकट आठवते ना? पण हात थांबला तर तुम्हीही थांबा. पूर्ण चित्र मिळावं म्हणून म्हाताऱ्या माणसाला टोकू नका. संमती आधी घ्या, आणि काढलेल्या कागदाची प्रत त्यांच्या घरी ठेवा.

तीन, ते सत्तर वर्षांपूर्वीचं सांगत असतात, पण आजच्या तोंडाने. मधल्या काळात त्यांनी भाषणं ऐकली, स्मारक पाहिलं, नातवंडांना गोष्ट दहादा सांगितली. ते सगळं आठवणीत मिसळलं आहे. तो दोष समजून गाळून टाकू नका. इथेही दोन 'मी' आहेत.

सुरुवात आजच करायची असेल तर

कुठल्याही चित्र-आत्मकथनाचं एकच पान घ्या. वहीत तीन रकाने पाडा: चित्रात काय दिसतं, मजकूर काय सांगतो, आणि पांढऱ्या पट्टीत मी स्वतः काय भरलं. एक तास त्याच पानावर बसा. अर्थ लावू नका, नुसतं नोंदवा. पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल, मग चित्र आणि मजकूर एकमेकांशी जुळत नाहीत अशी एखादी जागा सापडेल. त्या जागेवर बोट ठेवून एक प्रश्न लिहा. तो तुमच्या आराखड्याचा पहिला मसुदा.

मला ती जागा त्या वर्गाच्या फोटोत सापडली. मजकूर म्हणतो मी इथे आहे, चित्र म्हणतं दिसत नाहीस. सात्रापीने पुढची सगळी पानं त्या कापलेल्या मुलीला चौकटीत आणण्यात घालवली आहेत. बांद्याच्या रस्त्याकडेला उभं राहून मोर्चा बघणारं पोरही असंच कुठल्या तरी फोटोच्या कडेला असेल. ते कुठे उभं होतं, हे विचारायला कोणीतरी त्याच्या दारात गेलं पाहिजे.